कडी काढण्याआधीची प्रार्थना

मार्थाबाईंची आणि माझी पहिली भेट त्या चालवत असलेल्या हदगावच्या मिशन दवाखान्यात झाली. लातूरहून मी नर्स म्हणून रुजू व्हायला आले होते. सकाळी मागल्या दाराने आत गेले तर बाई चटईवर गुडघे टेकून बसलेल्या. बाहेर ओसरीवर पंधरा-वीस माणसे, लेकरांची रडारड; आणि आत बाई पाटीवरची नावे एकेक करून देवापुढे ठेवत होत्या. आदल्या दिवशी दवाखान्यात आलेला प्रत्येक दुखणेकरी त्या पाटीवर असे. शेवटी "आमेन" म्हणून त्या उठल्या आणि मग त्यांनी दाराची कडी काढली.

मला ते मुळीच पटले नाही. मी ख्रिस्ती घरातलीच. पण आमची प्रार्थना रविवारची. आठवडाभरातच मी बोलून दाखवले, "बाई, एवढ्या वेळात आठ जणांच्या पट्ट्या बदलून झाल्या असत्या."

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "झाल्या असत्या. पण दुपारपस्तोर मी तुझ्यावर अन् त्यांच्यावर खेकसाया लागले असते. माझा स्वभाव मला ठाऊक हाय."

एकदा एका बड्या अंमलदाराचा शिपाई दार ठोठावू लागला. "साहेब आलेत, दार उघडा!"

"साहेबांची तब्येत बिघडली का?" बाईंनी आतूनच विचारले.

"न्हाई, सर्टिफिकेट पाहिजे."

"मग त्यांना बाकावर बसवा. आलेच."

निजामशाहीत अंमलदाराला थांबवणे म्हणजे काय, हे आपण सारे जाणतो. बाईंनी एकही नाव गाळले नाही.

त्याच महिन्यात एक माउली किंचाळत आली. तिच्या लेकराच्या घशात चिंचोका अडकला होता. बाई अर्ध्या वाक्यावरून उठल्या, धावत जाऊन त्यांनी लेकराला मांडीवर पालथे घातले आणि पाठीवर थापा मारून चिंचोका बाहेर पाडला. नंतर मी थट्टेने म्हटले, "आज प्रार्थना अर्धीच राहिली की!"

"अर्धी कशी? थापा मारताना मी दुसरं काय करून राहिले होते?"

तरीही माझे मन बदलले ते झैनबच्या वेळी. झैनब ही गावातल्या विणकराची सून. दिवस गेल्यापासून ती तपासायला येई, आणि बाई तिचे नाव पाटीवरून न पुसता रोज घेत. कळा सुरू झाल्यावर तिला आणायला मात्र फार उशीर झाला. बाईंनी भर दुपारी शर्थ केली. पोर वाचली, झैनब गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीवर पहिलेच नाव तिचे होते. बाई बसल्या. पण त्यांनी पाटी माझ्याकडे सरकवली. "सुशीला, तू वाच. माझ्यानं होत न्हाई. आज देवाशी बोलायचंच न्हाई मला."

मी चारचौघांत कधी मोठ्याने प्रार्थना केलेली नव्हती. तरी झैनबचे नाव उच्चारले. तेवढ्यात दारावर थाप पडली. कडी मी काढली. समोर झैनबची सासू, रसूलबी. हातात कापडात गुंडाळलेले बाळ. आता ही आम्हाला बोल लावणार, असे मला वाटले.

रसूलबी उंबऱ्यातच बसल्या. "बाई, झैनब का नाम तुम रोज लेते थे, मेरेकू मालूम है. अब इसका लेव."

"नाव काय ठेवलं?" बाईंनी कसेबसे विचारले.

"अबी नै रख्या."

बाईंनी पोर मांडीवर घेतली. "प्रभू, रसूलबीच्या नातीला दूध मिळू दे," एवढेच त्या बोलल्या आणि हमसून रडल्या. त्या दिवशी दवाखाना फार उशिरा सुरू झाला. ओसरीवरच्या कोणीही तक्रार केली नाही.

डोळे पुसून बाई ख्रिस्ती वस्तीत गेल्या आणि दुपारच्या आत त्यांनी एक बाळंतीण शोधून काढली. त्या बाईने आपल्या लेकराबरोबर या पोरीलाही पाजले. पोरीचे नाव मुमताज ठेवले. आज ती शाळेत जाते आणि वाटेत बाईंना सलाम केल्याशिवाय पुढे जात नाही.

तेव्हापासून मीही रोज बसते. माझे चित्त पुष्कळदा भटकते. बाईंना सांगितले तर म्हणतात, "मन लागल्यावर बसू म्हणलं, तर मन कधीच लागायचं न्हाई. आधी बसावं." मी हिवतापाने तीन आठवडे अंथरुणाला खिळले, तेव्हा त्या स्वतः आंबील करून आणत. मला 'आमच्या बापा' ही प्रभूची प्रार्थनादेखील शेवटपर्यंत म्हणवेना, याची लाज वाटे. बाई उशाशी बसून म्हणाल्या, "तू पडून राहा. तुझ्या वाटचं मी करते." श्रद्धेचे याहून मोठे प्रवचन मी ऐकलेले नाही.

बाईंना आता साठ वर्षे पूर्ण होत आहेत. चर्चच्या मंडळीने त्यांना विश्रांती घ्या म्हणून विनवले, तर त्यांनी धर्माबादला जायचे ठरवले आहे. तिथल्या सुइणींना त्या स्वच्छ बाळंतपण शिकवणार आहेत. पुढे निजामाच्या राज्यात काय उलथापालथ होईल, या चिंतेत आम्ही सगळे असताना बाई कापसाच्या बोळ्यांचा आणि कात्र्या उकळायच्या पातेल्याचा हिशेब मांडत बसल्या आहेत.

परमेश्वर त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांना बळ देवो, नजर शाबूत ठेवो आणि अजून पुष्कळ वर्षे त्यांना आमच्यात राखो. धर्माबादच्या आयाबायांनो, बाई तुमच्याकडे येत आहेत. त्यांच्या प्रार्थनेला बसायचे तर सकाळी जरा लवकर उठायची सवय आतापासूनच लावून घ्या.