दूध संस्थेची थंड खोली

आमचा गेम स्टुडिओ केजजवळच्या एका गावात, सहकारी दूध संस्थेच्या थंड खोलीत होता. हे ऐकून पुण्याची माणसं हसायची. हसोत बापडी. दुष्काळात जनावरं चारा छावणीला गेली, दूध संकलन थांबलं आणि जाड भिंतींची ती खोली रिकामी पडली. संस्थेच्या चेअरमननी ती आम्हाला दिली. अट एकच, दूध सुरू झालं की खोली सोडायची. तेव्हा दूध सुरू होईल असं कुणालाच वाटत नव्हतं, म्हणून आम्ही लगेच हो म्हणालो.

आम्ही चौघं होतो. मी चित्रं काढायचे, एक जण कोड लिहायचा, एक जण आवाज आणि संगीत बघायचा. चौथीचं काम गेम बंद पाडायचं. ती नको तिथं बोट लावायची, मधेच फोन आडवा करायची, आणि गेम अडकला की तिचा चेहरा खुलायचा. तिच्यापुढं काच तडकलेल्या स्वस्त फोनची रांग असायची, कारण गेम तसल्याच फोनवर चालायला हवा होता. सकाळी ती चुका सांगायची, दिवसभर आम्ही त्या दुरुस्त करायचो, संध्याकाळी नवा बिल्ड, म्हणजे गेमची नवी आवृत्ती, निघायचा आणि त्यात नव्या चुका. गेम बनवणं म्हणजे बहुतेक वेळ हेच. लोकांना वाटतं आम्ही बसून खेळतो.

गेम जीपचा होता. बाजाराला निघालेल्या जीपमध्ये माणसं, गाठोडी, कोंबड्या, शेळी, सगळं बसवायचं. काम देणाऱ्या पुण्याच्या कंपनीनं कळवलं, एका जीपमध्ये इतकी माणसं खरी वाटत नाहीत. आम्ही तर आधीच निम्मी उतरवली होती.

पुढच्या साली पाऊसकाळ बरा झाला. जनावरं परतली, दूध वाढलं. थंड खोली मोकळी नाही म्हणून लोक खासगी डेअरीच्या गाडीला दूध घालू लागले. गाडी फक्त सकाळी यायची, त्यामुळे संध्याकाळचं दूध नासायचं. इकडे गेम पुरा व्हायला महिनाभर हवा होता. तो वेळेत दिला नाही तर कंपनी काम काढून घेणार होती आणि स्टुडिओ बंद पडणार होता. गावात भाड्यानं मिळत होत्या त्या सगळ्या पत्र्याच्या खोल्या, आणि पत्र्याखाली आमचे कॉम्प्युटर तापून बंद पडायचे. खरं सांगते, त्या दिवसांत भरलेले गोठे बघून मला आनंद झाला नाही.

चेअरमन सरळ माणूस. आम्हाला महिन्याची मुदत द्यायची का, हा विषय त्यांनी संस्थेच्या सभेत मांडला. सभेच्या दिवशी सकाळी आईनं दिलेला डबा घेऊन मी लवकरच घरून निघाले आणि काय बोलायचं ते घोकत बसले. सभेत बोललेही बरं. मुदतीच्या बाजूनं मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त हात वर आले. मग विरोधातले हात मागितले. बायकांच्या रांगेतून पहिला हात माझ्या आईचा. ती संस्थेची जुनी सभासद. तिच्यामागोमाग सगळ्या रांगेचे हात वर झाले आणि आम्ही हरलो. खोली त्याच दिवशी रिकामी करायची ठरली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. बाहेर आल्यावर मी तिला गाठलं.

"कावून केलंस असं?"

"तुजं मशीन कुठंबी चालंल," ती म्हणाली. "दूध सांजच्याला नासतंय."

"कुठंबी म्हणजे कुठं, सांग की."

 ती पदर खोचून थंड खोलीत शिरली आणि सगळ्यांत जड कॉम्प्युटर उचलायला लागली. सामान टेम्पोत भरलं, तेव्हा ड्रायव्हरला आमच्या घरचा रस्ता तिनंच सांगितला. 

आमच्या घरात गार अशी एकच खोली, मातीच्या जाड छताची, माळवदाची. आईवडील तिथं निजायचे, बाकी घरावर पत्रा. पोचलो तर ती खोली सारवून रिकामी केलेली. ज्वारीच्या कोठ्या ओसरीत आल्या होत्या आणि वडिलांची खाट पत्र्याखाली.

"सकाळी तू गेलीस तशी लागली व्हती कामाला," वडील म्हणाले. "म्हनली, खाट काढा, पोरगी सांजच्याला सामान घिऊन येती."

राग गेला नव्हता, तरी रडू आलं. तिच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी खाली बसून वायरी सोडवायला लागले.