शैलाच्या सहा मिनिटांच्या खेपा

१० डिसेंबर २००६. आज रविवार. सकाळपासून शैलाचं कपाट रिकामं करते आहे. उद्या सकाळी तिचा भाऊ टेम्पो घेऊन येईल. साड्या वेगळ्या, पुस्तकं वेगळी, कुबडी कुणाला उपयोगी पडली तर दवाखान्यात. तिला जाऊन पाच आठवडे झाले. शेवटी छातीत कफ साठला आणि तीन दिवसांत आटोपलं. बातमी आली तेव्हा मी चौथीच्या वर्गात भागाकार शिकवत होते. भागाकार पूर्ण केला आणि मग बाहेर आले.

जव्हारला आम्ही दोघी शेजारशेजारच्या खोल्यांत नऊ वर्षं राहिलो. जवळच्या जामसर गावी दोघींची शाळा एकच, जायची जीप एकच, डब्यातली भाजीसुद्धा बहुतेक वेळा एकच. शैला बोलकी होती, मी नाही. "मंदा, तू अभिनंदनसुद्धा हजेरी घेतल्यासारखं करतेस," असं ती म्हणायची. खरंच होतं ते.

आधी तिच्या हातातून खडू पडायला लागला. मग उजवा पाय फरफटायला लागला, एका डोळ्याला अंधुक दिसायला लागलं. मुंबईच्या डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस असं नाव सांगितलं. मज्जातंतूंवरचं आवरण झिजतं, त्यामुळे मेंदूचा निरोप पायापर्यंत धड पोचत नाही, एवढं आम्हाला कळलं. तिला व्यायाम किती झेपतो हे पाहायला तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी एक चाचणी शिकवली. तीस मीटरची सरळ वाट आखायची आणि सहा मिनिटांत किती खेपा होतात ते मोजायचं. वेळ दर खेपेस तीच, तीही ऊन चढण्याआधीची, कारण उष्णतेने या आजाराचा त्रास तेवढ्यापुरता वाढतो. शेवटी दहापैकी किती दमली ते विचारायचं. आणि मोजणाऱ्याने तिच्याबरोबर चालायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत. बरोबर कुणी चाललं की माणूस त्याच्या चालीने चालतो, स्वतःच्या नाही.

हे माझ्या स्वभावाला जुळणारं काम होतं. शनिवारी सकाळी आठ वाजता शाळेच्या पटांगणात मी चुन्याच्या फक्कीने रेघ मारायची, दोन्ही टोकांना खुर्च्या ठेवायची आणि घड्याळ धरून उभी राहायची. शैला जायची, वळायची, यायची... मी वहीत खेपा लिहायची. खिचडी शिजवणारी जानकी चुलीजवळून ओरडायची, "बाई, तिला एकलीला काय चालवता? आमच्यात एकली कोन चालतं? बोलायला कोनी नको?"

"जानकी, तू खिचडी बघ," मी म्हणायची.

या आकड्यांवर शैलाची नोकरी होती. जीप थांबते तिथून शाळा दोनशे चाळीस मीटर, म्हणजे आठ खेपा. मी टेपने मोजलं होतं. ती म्हणाली होती, "सलग आठ झाल्या तर शाळा. नाही झाल्या तर मी नोकरी सोडायचा अर्ज देते. ठरवायचं तू, मी स्वतःशी खोटं बोलेन." वहीत सहा, सहा, पाच, सहा असे आकडे आहेत. मध्येच तीन शनिवार आठ, नऊ, आठ. त्या वेळी मी प्रशिक्षणाला ठाण्याला होते. घड्याळ शैलाच्याच मनगटावर होतं, आणि दर खेपेला एक खडा टाकून मोजणी जानकीने केली होती. परत आल्यावर मी ते तिन्ही आकडे काट मारून रद्द केले. शेरा लिहिला, 'मोजणीत चूक.' शैलाने वही पाहिली आणि मिटली. पुढच्या शनिवारी पुन्हा सहा आल्या. जूनमध्ये तिने अर्ज दिला.

त्यानंतर ती दिवसभर खोलीतच असायची. मी संध्याकाळी साडेपाचला परत यायची, तेव्हा ती दाराकडे तोंड करून बसलेली असायची. "आज कोण कोण आलं होतं शाळेत?" मी हजेरीचा आकडा सांगायची. ती म्हणायची, "आकडा नको गं, नावं सांग."

आज सामान बांधायला जानकी जामसरहून आली. कपाटातून ती वही निघाली. मी पानं चाळताना काट मारलेल्या आकड्यांवर जानकीने बोट ठेवलं. तिला वाचता येत नाही, पण काट ओळखता येते.

"हे कशाला खोडलं?"

"तू मोजलेलं. चुकलं होतं."

"चुकलं? मी पदरात खडे घेऊन तिच्यासंगं चालत व्हते. आठ म्हंजे आठ."

मी विचारलं, "बरोबर चालत होतीस? आणि बोलत?"

"बोलत म्हंजे काय! माझ्या सुनेची भांडनं सांगत व्हते. हासत व्हती ती. शैलाबाईच म्हनली, मंदाबाईला सांगू नको, रागावेल."

मी गाठोड्याची गाठ घट्ट केली. नियमाप्रमाणे ते आकडे चाचणीत धरता आले नसते, हे मला आजही मान्य आहे. सोबतीने आजार बरा झाला नसता, हेही मला कळतं. पण जानकी रोज जीप थांबते तिथूनच, त्याच वाटेने, त्याच वेळी शाळेत येते. शैलाला एकटीने चालायची वेळ आलीच नसती. एकटीला किती झेपतं तेवढंच मी मोजत राहिले, आणि तिचं शाळेतलं एक वर्ष, कदाचित दोन... जाऊ दे. जानकीला चहा दिला. बशीत ओतून प्यायली आणि म्हणाली, "तुमी पन घ्या की. सकाळधरनं उभ्याच हाय."

११ डिसेंबर, सोमवार. सकाळी सात वाजता शैलाचा भाऊ आला. सामान चढवलं, खोली झाडून घेतली. वही त्याने रद्दीत टाकली होती, ती मी काढून घेतली. शाळेच्या दप्तरात खाडाखोड केली की शेजारी योग्य नोंद करून सही करावी लागते. त्याप्रमाणे माझा शेरा खोडला, तिन्ही आकडे पुन्हा लिहिले आणि पुढे नोंद केली, 'जानकी सोबत होती.' खाली सही केली, तारीख घातली. मग आठची जीप पकडली.