दोन ब्रेकची गाडी

लॅबवाल्या बाईंना लायसन गेल्या वर्षीच मिळालंय, हे मी बोलून गेलो आणि दोन घरांतली झोप उडाली.

प्रसंग मामांच्या नातीच्या वाढदिवसाचा. माझे मामा म्हणजे एका ड्रायव्हिंग स्कूलचे मालक, व्यवस्थापक आणि एकमेव मास्तर. सकाळी सकाळी ते लॅबवाल्या बाईंना गाडी शिकवायला जात. मामांच्या सूनबाई केक कापता कापता कौतुकाने म्हणाल्या, "बाई चिकाटीच्या हं! कधीपासून शिकतायत, पण सोडलं नाही."

मी तोंडातला घास आवरत म्हणालो, "आता काय शिकायचं राहिलंय? लायसन मिळून वर्ष झालं की. मला दाखवलंय त्यांनी."

सूनबाईंची सुरी केकमध्येच रुतून बसली. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी उरलेला केक उभ्यानेच संपवला आणि चपला शोधायला लागलो.

मामांना सगळे ब्रेकमास्तर म्हणत. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. उभा जन्म त्यांनी दुसऱ्याने चालवलेली गाडी थांबवण्यात घालवला. ती सवय पायात इतकी मुरली होती, की घरी सोफ्यावर बसलेले असतानाही मुलाने आवाज चढवला की मास्तरांचा पाय जमिनीवर दाबला जाई आणि तोंडातलं वाक्य तिथल्या तिथे थांबे. मामी गेल्यापासून तर त्यांची वाक्यं अर्ध्या वाटेवरच उभी राहायला लागली होती.

बाईंचं उलटं. त्या लॅबमध्ये रक्त काढायच्या. "जरा टोचेल हं," असं म्हणेपर्यंत टोचून झालेलं असे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि मुलीच्या घरचा स्वयंपाक, डबे, नातवाचा अभ्यास हे सगळं त्यांच्याच गळ्यात होतं. त्यांनी मास्तरांना एका सकाळी सिग्नलला सरळ विचारलं, "लग्न करायचं का?" मास्तरांनी घाबरून ब्रेक दाबला. गाडी आधीच उभी होती, एवढंच नशीब.

मुलांना कळल्यावर आरडाओरडा होईल असं मास्तरांना वाटत होतं. तसं काही झालं नाही. झालं ते त्याहून वाईट होतं. मुलं समजूतदार निघाली.

"चला, बाहेर जेवता जेवता बोलू," मुलगा म्हणाला. शिकवायचीच गाडी काढली. बाई चालवायला, शेजारी मास्तर, मागे मुलगा, सूनबाई आणि बाईंची लेक, तिघं अंग चोरून.

"बाबा, आमची ना नाहीच मुळी," मुलाने सुरुवात केली. "आपण काय जुन्या विचारांचे आहोत का? फक्त सकाळी मुलांना शाळेत सोडायला तुम्ही लागता."

मास्तरांचा पाय हलला. गाडीने आचका दिला.

"आणि दुपारी घरात कुणीतरी हवं ना," सूनबाई म्हणाल्या.

पुन्हा आचका.

"आई, तू पण संध्याकाळपर्यंत माझ्याकडेच राहा," लेक म्हणाली. "उगाच सगळं विस्कटायचं कशाला? डबे तर तुझ्याच हातचे लागतात नातवाला."

"मग आम्ही भेटायचं कधी?" बाईंनी आरशातून विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. हा मुद्दा कुणाच्या डोक्यातच आला नव्हता.

"रविवारी!" मुलगा खुशीत म्हणाला. "म्हणजे, आमचा कुठे कार्यक्रम नसला तर."

"तेवढं चालेल," मास्तर पुटपुटले, आणि पाय गच्च दाबून बसले. गाडी भर रस्त्यात बंद पडली. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही.

बाईंनी चावी फिरवली नाही. त्या मास्तरांकडे वळल्या.

"मास्तर, रविवारचा नवरा मला नकोय. तसं करायचं असेल तर मी इथेच उतरते, गाडी तुम्ही न्या. नाहीतर पाय वर घ्या."

"अहो, मुलांसमोर..."

"जरा टोचेल. हलू नका. पाय."

रिक्षावाला आता शिव्यांवर आला होता. मास्तरांनी मनात हिशोब मांडला. या क्षणी मागचे तिघं नाराज झाले तर घरात पाणी मिळायची मारामार. आणि बाई उतरल्या तर सकाळी उठायचं तरी कशाला? त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा धरला आणि पाय उचलून सीटवर मांडी घातली. ड्रायव्हिंग स्कूलच्या इतिहासात असा मास्तर कुणी पाहिला नसेल.

"बाबा, काय चाललंय हे?"

"काही नाही रे," मास्तर म्हणाले. वाक्य थांबलं नाही, पुढे गेलं. "आम्ही वेगळे राहणार. नातवंडांना आमच्याकडे आणून सोडत जा. आणायचं आणि न्यायचं काम तुमचं."

हे ऐकून बाईंनी गाडी जी काढली, ती हॉटेलवरून सरळ पुढे. लेक ओरडली, "आई, हॉटेल मागे राहिलं!"

"कळलंय मला. आधी खोल्या बघा, मग जेवू."

चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्या बाईंनी आधीच हेरून ठेवल्या होत्या. गाडी लावायला मागे घेताना मास्तरांचा पाय दोनदा खाली यायला निघाला. त्यांनी मांडी सोडली नाही. त्यामुळे दुकानाबाहेरची कुंडी फुटली.

लग्न झालं. मुलगा सकाळी पोरांना आणून सोडतो तेव्हा तोंड पाडूनच, पण वेळेवर. लेकीला डबे करता येतात असा शोध लागलाय, फक्त ती तो मान्य करत नाही. दुकानदाराची कुंडी मात्र अजून द्यायची आहे. खाली उतरताना तो दिसला की मास्तर म्हणतात, "आणतो हो, आणतो." त्याचं रोपटं सध्या एका फुटक्या बादलीत उभं आहे, आणि तिथे पहिल्यापेक्षा बरं वाढतंय म्हणून दुकानदारही घाई करत नाही.