काना राहिलाय

जगदीश सकपाळला मी तो चड्डीत फिरायचा तेव्हापासून ओळखते, तेव्हा माझ्याकडून तटस्थ काही ऐकायला मिळेल अशी आशा ठेवू नका. परळच्या चाळीत आमची खोली सतरा, त्यांची अठरा. मी पुढे सरकारी हॉस्पिटलात सिस्टर झाले आणि चौतीस वर्षं वॉर्डात काढली. त्याच हॉस्पिटलच्या चादरी धुण्याचं कंत्राट जगदीशकडे होतं. त्यानं धुतलेल्या चादरी मी या हातांनी हजारो खाटांवर घातल्या आहेत.

म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकते. आमच्या चादरी धुतल्या जात होत्या. पेपरवाल्यांना काय वाटेल ते छापू दे. त्याच्या आधीचा कंत्राटदार ज्या चादरी पाठवायचा, त्यांच्यावरचे डाग बघून आम्ही मागच्या आठवड्यातला पेशंट ओळखायचो. जगदीशची चादर उलगडली की कडक उन्हाचा वास यायचा. त्याचे वडील मिलमध्ये ब्लीचिंग खात्यात होते, त्यामुळे कापड कसं धुवायचं हे त्या घरात कुणाला शिकवावं लागलं नाही. वडाळ्याला पत्र्याची शेड घेऊन त्यानं दोन जुन्या मशिनांवर सुरुवात केली. फाटकी चादर आली तर ती तशीच परत न पाठवता शिवून पाठवायचा. कंत्राटात शिवण्याचा एक पैसा नव्हता. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "अगं मालन, फाटक्या चादरीत माणसाच्या पायाचं बोट अडकतं." ज्यानं एवढा विचार केला तो माणूस चोर असेल, तर साव कुणाला म्हणायचं ते मला कळत नाही.

पण तो धुतल्या तांदळासारखा होता असंही मी म्हणणार नाही.

धंद्याला नाव त्यानं आईचं दिलं होतं, 'सुंदराबाई लिनन सर्व्हिस'. नुसतं नाव नव्हे, कागदोपत्री मालकीणही तीच. त्यात माया होती तशी हुशारीही होती, कारण बायकांच्या नावावरच्या धंद्याला काही कंत्राटं राखून ठेवलेली असतात. धंदा बाईच्या नावावर आणि कारभार बाप्यांच्या हातात, हा काही जगदीशनं लावलेला शोध नव्हे.

सुंदराबाई म्हणजे आमची मावशी. नवरा गेला तेव्हा ती पंचविशीची, अंगठेबहाद्दर. मिलच्या कारकुनानं तिचा अंगठा धरून एका कागदावर उठवला. पुढे कुणीतरी वाचून दाखवलं तेव्हा समजलं की 'मला सगळं मिळालं, आता काही येणं नाही' असं त्यावर लिहिलेलं होतं. मिळालं काहीच नव्हतं. मावशी तेव्हा रडली नाही. तिनं पहिलीतल्या जगदीशचं पुस्तक ओढून घेतलं आणि त्याच्याबरोबर बाराखडी गिरवायला बसली. वर्षभरात मायलेक दोघंही वाचायला लागले. मग गेली तीस वर्षं दर रविवारी बुद्धविहारात ती बायकांना लिहा-वाचायला शिकवते. पहिल्याच दिवशी ती फळ्यावर एक वाक्य लिहिते, 'वाचल्याशिवाय सही करू नये.' आमच्या चाळीत कुरियरवाला आला तरी बायका आधी त्याचा कागद उलटा-सुलटा करून वाचतात. तो बिचारा जिन्यात ताटकळतो.

जगदीशचं कंत्राट तिसऱ्यांदा नवं करायची वेळ आली तेव्हा हर्षवर्धन नावाचा गृहस्थ उगवला. पांढरा शर्ट, हातात तीन मोबाईल, मंत्रालयात वरपर्यंत ओळख. त्यानं सांगितलं, तुमचं काम पक्कं करून देतो, फक्त आणखी तीन हॉस्पिटलांचं काम तुमच्या नावावर घेऊ, ते माझी माणसं बघतील. तुम्ही एवढंच करायचं, पैसे आले की मी सांगेन त्याला चेक द्यायचे. त्या तीन हॉस्पिटलांत जगदीशचा टेम्पो एकदाही गेला नाही. तिथं चादरी होत्या की नाही तेही त्याला माहीत नव्हतं. हे चाललंय काय, ते मात्र त्याला कळत होतं. पुढे त्यानंच मला सांगितलं, "आपल्या चादरी धुतल्या जातायत ना, मग झालं, असं मनाला समजावत गेलो." शेडवर साठ माणसं कामाला होती. कंत्राट गेलं असतं तर साठ चुली थंड पडल्या असत्या. कारण खरंच होतं, पण साठ चुलींच्या आडोशाला माणसाला बरंच काही झाकता येतं.

मग एक दिवस पेपरात आलं, 'परळच्या व्यावसायिकावर मनी लॉन्ड्रिंगचा आरोप.' मावशीनं चष्मा लावून सगळी बातमी वाचली आणि म्हणाली, "मग? लॉन्ड्रीच हाय आपली. बरोबर लिवलंय की." चाळीतली पोरं गॅलरीत फिदीफिदी हसली. जगदीश हसला नाही. तो आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपला, तेव्हा मावशीच्या ध्यानात आलं की ही लॉन्ड्री निराळी आहे.

ईडीचं समन्स आलं ते दोघांच्या नावानं. जगदीशनं वकील केला, यशोधन नावाचा. पोरगा तरतरीत, बोलायला गोड. त्यानं आमच्यासमोर सरळ सांगितलं, "चेकवर सह्या आजींच्या आहेत. आजींना लिहिता-वाचता येतं असं एकदा नोंदलं गेलं, की त्यांनी समजून-उमजून सह्या केल्या असा अर्थ निघेल. मग त्याही आरोपी. तेव्हा आजींनी म्हणायचं, नाव तेवढं गिरवता येतं, वाचता येत नाही. जगदीशभाऊंनी म्हणायचं, मी शेडवर असायचो, कागद हर्षवर्धन बघायचा. दोघंही सुटाल."

मावशी म्हणाली, "हे सोडून दुसरं कायपण सांगते."

जगदीशनं तिचे पाय धरले. छप्पन्न वर्षांचा बाप्या, ढसाढसा रडत होता. "आई, तू कोर्टाच्या पायऱ्या चढलीस तर मी जिवंत राहणार नाय. एवढं एक वाक्य म्हण. माझ्यासाठी."

लेकरासाठी आई काय करत नाही. पुढचे चार दिवस मावशी गॅलरीत बसून ते वाक्य पाठ करत होती. एरवी धडाधडा पेपर वाचणारी बाई पुटपुटत होती, "मला वाचता येत नाय साहेब. मला वाचता येत नाय." माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी जगदीशला म्हटलं, "हिच्याकडून काय वदवून घेतोयस कळतंय का तुला?" त्याला कळत होतं. तेच तर त्याचं दुखणं होतं.

मावशीची शुगर सारखी खाली जाते, म्हणून ईडीच्या ऑफिसात जबाबाच्या वेळी सोबत बसायची परवानगी मला मिळाली. वकील काचेच्या दारापलीकडे उभा. समोर मेघना मॅडम म्हणून तरुण अधिकारी होत्या, आपल्या मराठीच, वागायला अगदी नम्र. त्यांनी पाणी मागवलं आणि विचारलं, "आजी, शाळा किती झाली?"

"शाळा नाय झाली. नाव तेवढं गिरवते. मला वाचता येत नाय साहेब."

म्हणाली एकदाची. पदर घट्ट मुठीत धरला होता. शेजारच्या खुर्चीवर जगदीश मान खाली घालून बसला होता. आणखी तासभर प्रश्न झाले, तिनं शिकवलेली उत्तरं दिली. मॅडमनी जबाब टाइप केला, मोठ्यानं वाचून दाखवला आणि कागद तिच्यापुढे सरकवला. "इथं सही करा आजी."

मावशीनं पेन हातात घेतलं आणि दुसऱ्या हातानं पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. पन्नास वर्षांची सवय, हात थोडाच विचारून काम करतो. कागद जवळ धरून ती पहिल्या ओळीपासून वाचत गेली. ओठ हलत होते, बोट ओळीखालून सरकत होतं. मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. तिला पत्ता नाही. मग बोट थांबलं आणि विहारातल्या बायकांना सांगावं तसं ती म्हणाली, "मॅडम, हितं चुकलंय. सुंदरबाई नाय, सुंदराबाई. 'र'ला काना राहिलाय."

मावशीनं वर बघितलं, आमचे चेहरे बघितले आणि कागदावरचं बोट मागे घेतलं. मेघना मॅडम हळूच म्हणाल्या, "आजी, तुम्हाला वाचता येत नाही ना?"

आता ती काहीही म्हणाली असती तरी अडकणार होती. वाचता येतं म्हणावं तर चेक तिचे, येत नाही म्हणावं तर समोर काना.

जगदीश उठून उभा राहिला. दारापलीकडून यशोधन मान हलवून नको नको म्हणत होता, तिकडे त्यानं पाहिलंच नाही.

"मॅडम, माझी आई प्रत्येक कागद वाचते. वाचल्याशिवाय आयुष्यात सही केली नाय तिनं," तो म्हणाला. "म्हणून तर मी तिला कोरे दिले."

मॅडमचे हात कीबोर्डवर तसेच राहिले.

"चेक कोरे. लेटरहेड कोरे. तिनं विचारलं होतं, ह्याच्यावर काय लिवलंच नाय, वाचू काय? मी म्हटलं, मी आहे ना. भरायचे हर्षवर्धनसाहेब, पण आईसमोर ठेवायचो मी. माहीत असून ठेवायचो. लिहा मॅडम हे. आणि आईला वाचता येतं तेपण लिहा. माझ्याच पुस्तकातून शिकलीय ती."

जबाब पुन्हा टाइप झाला. मावशीनं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. वाचताना डोळ्यांतून पाणी गळत होतं ते तिनं पुसलं नाही. मग सही केली, पूर्ण नावाची, 'रा'चा काना चांगला खालपर्यंत ओढून.

जगदीशला दोन दिवसांनी अटक झाली. यशोधननं आमच्यापुढे कपाळाला हात लावला. मावशीला साक्षीदार केलं, आरोपी नाही. हर्षवर्धनच्या छातीत ऐन वेळी दुखायला लागलं आणि तो एका खाजगी हॉस्पिटलात आराम करतोय. तिथल्या चादरी कोण धुतं कोण जाणे. वडाळ्याच्या शेडला सील आहे. आमच्या वॉर्डात पुन्हा डागांच्या चादरी यायला लागल्या आहेत, असं माझ्या मागची सिस्टर सांगते. जगदीश आर्थर रोडला आहे, चाळीपासून चालत अर्ध्या तासावर. मावशी भेटीला जाते तेव्हा तुरुंगाचा फॉर्म स्वतः भरते.

जबाबाच्या दिवशी परतताना टॅक्सीत ती माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. घराजवळ आलो तेव्हा एकदम म्हणाली, "मालन, चूक माझी गं. तीस वर्सं निम्माच धडा शिकवला."

अटकेनंतरच्या रविवारी मावशी विहारात येईल असं कुणी धरलं नव्हतं, तरी बायका आल्या होत्या, बातमीची चव घ्यायलाच आल्या असतील. मीही मागे जाऊन बसले. मावशी वेळेवर आली, काठी भिंतीला टेकवली आणि फळ्यावर नेहमीचं वाक्य लिहिलं, 'वाचल्याशिवाय सही करू नये.' त्याच्याखाली सावकाश दुसरं लिहिलं, 'कोऱ्या कागदावर लेकाने मागितली तरी सही करू नये.'

मग खडू ठेवून ती आमच्याकडे वळली. "माझा जगदीश आत हाय तो मी ही दुसरी ओळ शिकले नव्हते म्हणून," ती म्हणाली. "वह्या काढा."