फुईची न पुसलेली पाटी

कोपरा फाडलेलं कार्ड हातात पडलं की ते वाचावं लागत नाही, कुणीतरी गेलेलं असतं. इथे अजमेरला टपालवाला मला नावाने ओळखतो, कारण माहेरच्या पत्राची वाट बघत मी रोज दाराशी उभी असते आणि पत्र आलं की आता काय असेल म्हणून पुन्हा घाबरते. त्या दिवशी त्याने कार्ड हातात न देता उंबऱ्यावर ठेवलं. भावाचं अक्षर होतं. फुई गेली... त्याला आता दीड महिना झाला. मी मराठी सहावीतून शाळा सोडलेली बाई, छापायला देण्याजोगं मला लिहिता येतं की नाही, देव जाणे. पण जे काही येतं ते फुईचं आहे, तेव्हा चुकलं तर तिच्यासाठी सांभाळून घ्यावं.

फुई म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लहानपणीच विधवा होऊन ती रनाळ्याला माहेरी परत आली, हट्टाने शिकली आणि व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवीची परीक्षा, पास होऊन नंदुरबारच्या मुलींच्या शाळेत बाई झाली. आमच्या गावाने ‘फायनल’ हा शब्द पहिल्यांदा तिच्यामुळे ऐकला. लोकांना त्यातलं ‘पास’ कळलं नाही, ‘फायनल’ मात्र फार आवडलं. जे सगळ्यांत चांगलं ते फायनल, असा अर्थ गावाने लावून टाकला. बैलजोडी फायनल, जावई फायनल. मिरचीच्या बाजारात एक व्यापारी तिलाच ओंजळ दाखवून म्हणाला होता, “फायनल माल शे बाई, डोळाले पानी ई जाई.” फुई हसून हसून रडली, मिरची न खाताच.

खरा अर्थ तिने मला आमच्या चुलीपाशी सांगितला. ते इंग्रजीतलं विशेषण आहे, म्हणाली, नामाच्या पुढे बसतं आणि त्याचं दार लावून घेतं. फायनल नोटीस म्हणजे यापुढे नोटीस येणार नाही, फायनल भाव म्हणजे आता घासाघीस नाही. कोर्टकचेरीत, रेल्वेत असा शब्द लागतोच, तिथे दार लावलं नाही तर कामं उरकणार नाहीत. घरात मात्र तो जपून वापरावा. आमच्या घरात पिठाचा डबा कुणी कधी तळापर्यंत खरडत नसे. एक मूठ मागे ठेवायची, तिच्यावर नवं पीठ ओतायचं. फुईने ही रीत शाळेतही नेली होती. दिवस संपला तरी ती पाटी पूर्ण पुसायची नाही, एक ओळ अर्धी ठेवायची. बाईंना पाटी धड पुसता येत नाही, असं पोरी मागून म्हणायच्या, आणि दुसऱ्या दिवशी ती ओळ पुरी करायला त्याच पोरी धावत यायच्या.

मी सहावीत असताना आईने अंथरूण धरलं. धाकटा भाऊ तान्हा, घरात दुसरं बाईमाणूस नाही. मला फायनलला बसायचं होतं, फुईसारखं. एका संध्याकाळी आबा, माझे वडील, जेवता जेवता म्हणाले, “पोरनी शाळा आते फायनल.” शब्द बहिणीचाच, पण या वेळी अर्थ अगदी बरोबर लावला होता. मी भाकरी थापत होते, मान वर केली नाही. फुई समोर बसली होती. आता ती भांडेल असं मला वाटलं. ती उठली, पिठाचा डबा आणून आबांच्या ताटाशी ठेवला आणि झाकण काढलं.

“दादा, आपला घरमा पीठना डबा कोनी खरडस नही. मंग पोरनी शाळा कसाले खरडस?”

आबांनी डब्यात डोकावून पाहिलं. मग इतकंच म्हणाले, की एतवारी कामं जरा कमी असतात. माझी शाळा सुटली ती सुटलीच, पण दर रविवारी फुई नंदुरबारहून बैलगाडीने यायची आणि चुलीपाशी पाटी काढायची. जाताना अर्धी ओळ ठेवून जायची. आठवडाभर मी भांडी घासताना, आईचे पाय चेपताना ती ओळ मनात पुरी करत असे. फायनलला मी कधीच बसले नाही. त्याचं रडू आलं की ती म्हणायची, “तुन्हं शिकनं ऱ्हायनं शे माय, सरनं नही.”

लग्न होऊन मी इतक्या लांब आले, तरी माहेरी गेले की पाटी निघायचीच. शेवटच्या खेपेला ती नंदुरबार स्टेशनावर मला पोचवायला आली. फार वाळली होती. पिशवीतून पाटी काढून फलाटावरच लिहिलं, “दार लावण्याआधी...” गाडीने शिट्टी दिली. बाकीचं पुढच्या खेपेला, म्हणाली, मी ही ओळ पुसणार नाही.

गेल्या आठवड्यात इकडे येणाऱ्या एका गाववाल्याबरोबर भावाने ती पाटी पाठवली. कोरी. वहिनीने फुईची खोली आवरताना स्वच्छ धुऊन ठेवली होती, चांगल्या मनाने. मी ती मांडीवर घेऊन बसून राहिले... फायनल म्हणजे काय ते मला त्या दुपारी नीट कळलं.

मग उठले. पेन्सिल शोधली आणि माझ्या अक्षरात तिची अर्धी ओळ पुन्हा लिहिली. पुरी करायला दोन दिवस लागले. “दार लावण्याआधी मागून कोण येतंय ते बघावं.” बरोबर आहे की चूक, हे सांगणारं आता कुणी नाही.

माझी मुलगी शेजारी येऊन बसली होती. अक्षरं नुकतीच लागली आहेत तिला. पाटी पुसू का, म्हणाली. म्हटलं, पूस, पण सगळी नको.