छत्रीवाल्याच्या घरचा नांगर

छत्री दुरुस्त करताना बोलणारे पुष्कळ असतात. हा छत्रीवाला बोलता बोलता मधूनच छत्री दुरुस्त करी. दुकान घराच्या पुढच्या खोलीत. मागे बायकोचा संसार आणि खिडकीशी खाटेवर म्हातारी आत्या. तिचे कान तिखट, जीभ त्याहून तिखट.

आत्याला एकच सल होता. तिचे वडील, म्हणजे छत्रीवाल्याचे आजोबा, "मी दर्यावर्दी होतो" असं सांगत सांगत गेले आणि गल्लीने त्यांना थापाड्या ठरवलं. समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. आजोबा छाती काढून म्हणायचे, "मी इथे नांगर टाकला!" गल्लीने अर्थ लावला, शेती सोडली. छत्रीवाल्याच्या बापाने तर ते शेत शोधण्यात निम्मं आयुष्य घालवलं. बांधही सापडला नाही.

परवा बायकोने जिन्याखालची अडगळ उपसली. मोडक्या छत्र्यांच्या ढिगामागून एक लोखंडी धूड निघालं. मधे दांडा, खाली दोन वाकडे हात, हातांच्या टोकांना फावड्यासारखी पाती, वर कडी.

"अहो, हे काय?"

"आजोबांचा नांगर असणार!"

बायकोने तो चारी बाजूंनी न्याहाळला. "याने नांगरायचं तर बैल पोहणारे हवेत."

छत्रीवाल्याच्या तोंडातली सुई गळून पडली. पोहणारे! तो एका पायात चप्पल घालून धावत सुटला आणि वस्तुसंग्रहालयातल्या बाईंना ओढूनच घेऊन आला. त्यांची छत्री त्याच्याकडे पडून होती, त्यामुळे त्यांनाही नाही म्हणता येईना.

बाई जमिनीवर बसल्या, ब्रशने गंज झाडू लागल्या. आत्या खाटेवरून म्हणाली, "बाई, बाकीचं राहू द्या. माझे वडील खोटं बोलले का, तेवढं सांगा."

"हा पाण्यातलाच नांगर, आजी. हे बघा, गंजाने खाल्लंय तिथे लाकडासारख्या रेघा दिसतात. असं लोखंड करणं कधीच बंद झालं. सांधेही घणाने ठोकून जोडलेत. शंभर वर्षं तरी झाली असतील. आणि कडी एका अंगाने झिजलीय. शोभेची वस्तू नव्हे, याने वर्षानुवर्षं होडी धरून ठेवलीय."

"होडी?" छत्रीवाला चाचरला. आजोबांचं तर सात शिडांचं गलबत होतं!

"गलबताला हा कुठला पुरतोय! चार माणसांची होडी असेल."

खोलीत सगळे आत्याकडे बघू लागले. आत्याने डोळे मिटले, ओठ हलले, आणि मग ती अशी हसत सुटली की खाट कुरकुरू लागली. "चार माणसांची! आणि वादळात म्हणे चाळीस खलाशी रडत होते! अरे, पण पाण्यात होते ना माझे बाबा? होते ना?"

"होते, आजी."

छत्रीवाल्याने दुकानातली सगळ्यात मोठी छत्री फाडकन उघडली आणि उंबऱ्यावर उभा राहून आरोळी ठोकली, "ऐका हो! आमच्या आजोबांनी नांगर टाकला होता!"

"ठाऊक आहे," समोरचा वाणी ओरडला. "शेत सापडलं का?"

"सापडलं! खारट निघालं!"

आतून आत्याचा आवाज आला, "आणि सांग त्याला, सात शिडं होती!"

"आत्या! एक."

"बरं बाबा, दीड."