ओळखी करून घ्यायला गेले तेव्हा

माझी माय सरांच्या बंगल्यामागे नळाशी उकिडवी बसून कप विसळत होती. त्या वेळी मी दिवाणखान्यात ओळखी करून घेत होते.

रामदासपेठेतला बंगला. डॉक्टरांची दर महिन्याची बैठक. चहा, कटलेट, गप्पा. सर माझे कॉलेजातले प्रोफेसर. मी बाळंतपणाची डॉक्टर झाले होते, पण माझ्याकडे पेशंट कुणी पाठवत नव्हतं. धंतोलीतल्या दवाखान्यांत मी ऑपरेशनसाठी जागा मागायला जायचे. "बघू, कळवतो." कळवलं कुणीच नाही. माझ्या मागून पास झालेल्या मुली कामाला लागल्या होत्या. कुणाचा मामा सर्जन, कुणाचे सासरे फिजिशियन. माझा बाप गिरणीत होता, तो केव्हाच गेला. मायनं बिड्या वळून मला शिकवलं.

सर म्हणाले, "अगं, डिग्री भिंतीवर लावायची असते. प्रॅक्टिस चालते ओळखींवर. रविवारी घरी ये."

मी सीताबर्डीवर नावाची कार्डं छापून घेतली. नवी कोरी. माय ती हातात घेऊन कितीतरी वेळ पाहत राहिली. तिला वाचता येत नव्हतं.

"संध्याकाळची एकटी कशी येशील वं घरी, इंदोऱ्यापावतर? मी येते संगं. बाहेर बसून राहीन."

धम्मदीक्षेच्या वर्षदिनाला नेसायचं पांढरं लुगडं तिनं त्या दिवशी काढलं. लेक मोठ्या माणसांत चालली होती ना.

ती व्हरांड्यात बसली. मी आत गेले.

सरांनी ओळख करून दिली. मी कार्डं दिली. एका जाडजूड सर्जननं कार्ड वाचलं, माझ्याकडे पाहिलं.

"राहता कुठे?"

"इंदोऱ्याला."

"अच्छा. अच्छा."

मग शेजारच्याकडे वळून, आवाज जराही न उतरवता म्हणाला, "सीट सरकारनं दिली. आता पेशंटही सरकारनंच द्यावेत."

हसले सगळे. सर हसले नाहीत. त्यांनी कटलेटची प्लेट त्याच्याकडे सरकवली. त्या माणसानं माझ्या कार्डाला बोटांचं तेल पुसलं.

तोंडावर पाणी मारावं म्हणून मी मागच्या दारानं बाहेर आले. आणि समोर माय. पांढरं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कोपरापर्यंत साबण.

"माय, हे काय?"

"काही नाही वं. बाई म्हने, बसलीच आहेस तं कप विसळून दे. त्यायची कामवाली एकटीच मरून राहिली होती."

"तू सांगितलं नाहीस, कोण आहेस ते?"

"आत तुह्या ओळखी होऊन राहिल्या होत्या. मी काहून मधात बोलू?"

तेवढ्यात सरांच्या पत्नी दारात आल्या.

"ही माझी आई आहे," मी म्हणाले.

"अगोबाई! मला वाटलं कुणाच्या तरी घरची आया. अहो, सांगायचं तरी!" त्या खरंच ओशाळल्या. मायच्या हातातून कप काढून घेतला. "कुठे राहता तुम्ही?"

"इंदोऱ्याले. विहाराच्या बाजूले."

बाई थांबल्या. कप तिथंच ओट्यावर ठेवला. हात पदराला पुसले. मग स्वयंपाकघरात जाऊन कामवालीला म्हणाल्या, हळू, अगदी नेहमीच्या घरगुती आवाजात, "ते कप पुन्हा एकदा धुऊन घे गं. चांगले घासून."

आम्हाला ऐकू आलं. कामवालीनं खिडकीतून मायकडे पाहिलं आणि ती जागची हलली नाही.

कुणाच्याही घरची आया चालत होती. माझी माय चालत नव्हती.

मी मायचा ओला हात धरला आणि तिला दिवाणखान्यात आणलं. गप्पा थांबल्या.

"ही माझी माय. तुम्ही आत्ता प्यालात ते कप हिनं धुतले. कुठली आहे ते कळल्यावर आता ते पुन्हा धुवायला सांगितलेत. सर, ओळखी करून घे म्हणालात. झाल्या."

सर म्हणाले, "एवढं मनाला लावून घेऊ नये."

मी टेबलांवरची माझी कार्डं उचलली. तेलकट झालेलंसुद्धा. आणि निघाले.

रिक्षात मायनं खोचलेलं लुगडं सोडून नीट केलं. मग म्हणाली, "कप चांगले निघाले नव्हते काय वं?"

तिला सगळं कळलं होतं. माझ्यासाठी ती अडाणी होऊन बसली होती.

पुढं त्या बैठकीला मी गेले नाही. वस्तीतच एक खोली घेतली. झोपड्यांत जाऊन बाळंतपणं केली. अडलेल्या बाईला रिक्षात मांडीवर धरून सरकारी दवाखान्यात नेलं. काही वर्षांनी छोटं प्रसूतिगृह उभं राहिलं. उद्घाटनाच्या सकाळी मायला म्हटलं, "चल."

"मी नाही येत. मोठे लोक येतील तुह्यावाले. मी दिसली का तुही ओळख पडते पोरी."

मी रडले, भांडले, पाया पडले. ती बिड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसून राहिली. मला वाटलं होतं, त्या दिवशी दिवाणखान्यात मी तिची मान वर केली. तिला मात्र एवढंच दिसलं होतं, की तिच्यापायी लेकीची सगळी मोठी माणसं तुटली. मी कितीदा समजावलं. तिच्या आत जे मोडलं होतं ते मला शेवटपर्यंत जोडता आलं नाही. मी डॉक्टर. माझ्या दवाखान्याची पायरी न चढता ती गेली.

आता तीच मंडळी फोन करतात. "मॅडम, या ना बैठकीला. ओळखी वाढतात."

नाही येणार. कधीच नाही.

दवाखान्याच्या दारावर माझ्या नावाची पाटी होती. ती मी उतरवली आणि नवी करून घेतली. वर मायचं नाव. त्याखाली, बिडी कामगार, इंदोरा. त्याखाली मी. ज्याला ते वाचून आत येववत नाही, त्यानं फाटकातूनच परत जावं.